जुन्या बरोक चॅपलमध्ये आजच्या चित्रकाराची क्रुसाची वाट कशी लावावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात बार्देशातल्या एका वाड्यावर, म्हणजे गावातल्या एका वस्तीत, अठराव्या शतकातले लहानसे चॅपल आहे, बरोक या भरघोस नक्षीच्या युरोपीय शैलीतले. सोन्याचा वर्ख दिलेली लाकडी वेदी, पिळाचे खांब, शिंपल्यांच्या खिडक्या, चिऱ्याच्या जाड भिंतींवर चुन्याचा गिलावा. वसईच्या एका तरुण चित्रकाराने क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शिक्षेपासून कबरीपर्यंतच्या प्रसंगांची, 14 चित्रे केली आहेत. कॅनव्हासवर ॲक्रिलिक, प्रत्येक चित्र चार फूट उंच, तीन फूट रुंद. त्यातला येशू, मरिया, शिपाई, बाया ही सगळी आजच्या किनारपट्टीवरची माणसे आहेत. फादर तयार आहेत, पण वाड्यावरच्या काही ज्येष्ठांचे मन होत नाही. उपवासकाळात, म्हणजे पास्काच्या (ईस्टरच्या) आधीच्या आठवड्यांत, ही चित्रे चॅपलमध्ये लावायची तर वेदीपुढे ती फिकी पडतील का, भिंतीला खिळे ठोकता येतील का, दिवे कसे लावायचे आणि लोकांची समजूत कशी काढायची, असे तुम्ही विचारले आहे.

चर्चमधल्या जुन्या चित्रांची आणि लाकडी वेद्यांची निगा राखणे आणि अशा वास्तूंमध्ये नवी चित्रे मांडणे हे माझे रोजचे काम आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: चित्रे जरूर लावा, पण प्रदर्शन म्हणून लावू नका. क्रुसाची वाट म्हणूनच लावा. ही भक्ती चालत करायची असते. माणूस एका स्थानापाशी थांबतो, गुडघे टेकतो, प्रार्थना म्हणतो आणि पुढच्या स्थानाकडे जातो. चित्राची जागा, उंची, दोन चित्रांतले अंतर, दिव्याचा कोन हे सगळे त्या चालणाऱ्या माणसाकडे बघून ठरवले की तुमच्या निम्म्या अडचणी सुटतात. गॅलरीसारखी मोकळी भिंत शोधत बसलात तर ती या चॅपलमध्ये मिळणार नाही.

सुरुवात भिंतीवर आज जे आहे तिथून करू. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लहान लाकडी क्रूस दिसतात आणि त्यांच्याखाली फ्रेममधली जुनी छापील चित्रे. त्या क्रुसांना हात लावायचा नाही. क्रुसाच्या वाटेची 14 स्थाने पोप क्लेमेंट बारावे यांनी 1731 मध्ये कायम केली, आणि नियमाप्रमाणे स्थान उभे राहते ते क्रुसामुळे. चित्र जोडायची प्रथा आहे, सक्ती नाही. तुमच्यासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. छापील चित्रे काही आठवडे साक्रिस्तीत, म्हणजे वेदीलगतच्या सामानाच्या खोलीत, नीट ठेवून दिली आणि नवी चित्रे त्याच क्रुसांखाली उभी केली, तरी वाड्याची क्रुसाची वाट मोडत नाही. ज्येष्ठांशी बोलताना हीच गोष्ट आधी सांगा. 'आमची स्थाने काढली' ही भीती मोठी असते आणि ती रास्त आहे.

आता वेदी. बरोक वेदी ही आपल्या जागी गप्प उभी राहणारी वस्तू नसते, ती माणसाची नजर हाताला धरून नेते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूच्या बासिलिकेत मधोमध उभे राहून पाहा. खाली बाळयेशू, त्याच्यावर संत इग्नासियोची भलीमोठी मूर्ती, मूर्तीची नजर वर वळलेली, तिच्या वर येशूच्या नावाची अक्षरे असलेले सूर्यमंडळ आणि सगळ्यांत वर त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. डोळा एकेक पायरी चढत जातो आणि मान मागे जाते. 1605 मध्ये पवित्र केलेल्या त्या चर्चमध्ये आजही दारातून आत आलेला माणूस आपोआप हेच करतो. तुमच्या चॅपलची वेदी लहान असली तरी तिची चाल तीच आहे: पिळाचे खांब नजर वर नेतात, सोने मेणबत्तीचा उजेड पकडते आणि मधल्या कोनाड्यातली मूर्ती पुढे येते.

म्हणून माझा पहिला नियम असा की वेदीच्या पायरीपासून पुढचा सगळा भाग मोकळा ठेवायचा. तिथे एकही नवे चित्र नको, इझल नको, फलक नको. वेदीच्या दोन्ही अंगांना दोन मोठी चित्रे उभी करण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण फोटो छान येतो. प्रत्यक्षात सोने आणि ॲक्रिलिक शेजारी आले की दोघांचेही नुकसान होते. सोन्यापुढे सपाट रंग मळकट दिसतो आणि रंगाच्या मोठ्या चौकोनापुढे वेदीचे नाजूक कोरीवकाम गलबलाटासारखे वाटू लागते. बासिलिकेत दोम मार्टिन या गोमंतकीय चित्रकाराची चित्रे अनेक वर्षे वरच्या मजल्यावरच्या वेगळ्या दालनात पाहायला मिळत आली आहेत. मोठ्या वास्तूला तो मार्ग मोकळा असतो. लहान चॅपलला वरचे दालन नसते, तिथे अंतर वेळेने निर्माण करावे लागते.

माझ्या मते या कामाचा कणा तो वेळच आहे. उपवासकाळात किती शुक्रवार येतात ते मोजा. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारानंतरचा पहिला, मग पाच आठवड्यांचे पाच, आणि शेवटी गुड फ्रायडे. एकूण सात. चित्रे 14. दर शुक्रवारी दोन चित्रे आणा, त्या दिवशीच्या क्रुसाच्या वाटेत ती उघडा आणि तिथेच राहू द्या. पहिल्या शुक्रवारी पिलाताचा निवाडा आणि येशू क्रूस खांद्यावर घेतो ती दोन. चौथ्या शुक्रवारी दुसऱ्यांदा पडणे आणि जेरुसलेमच्या स्त्रिया. झावळ्यांच्या रविवाराआधीच्या शुक्रवारी खिळे आणि मरण. गुड फ्रायडेला येशूला क्रुसावरून उतरवणे आणि कबरीत ठेवणे. वाड्यावरचे लोक एकदम 14 अनोळखी चित्रांसमोर उभे राहत नाहीत. दोन-दोन चित्रांची ओळख होत जाते, घरी त्यावर बोलणे होते, पुढच्या शुक्रवारी पोरे आधीच येऊन कापड उचलून बघतात. मांडणाऱ्यांचाही फायदा होतो, कारण पहिल्या दोन चित्रांवरून प्रकाश, उंची आणि स्टँड यांतल्या चुका कळतात आणि उरलेली बारा सुधारून लावता येतात.

दुसरी गोष्ट कॅलेंडरमध्येच दडलेली आहे. उपवासकाळाच्या पाचव्या रविवारपासून चर्चमधले क्रूस आणि मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायची जुनी रीत आहे. क्रूस गुड फ्रायडेच्या विधीपर्यंत आणि मूर्ती पास्काच्या आदल्या रात्रीच्या जागरणापर्यंत झाकलेल्या राहतात. क्रुसाच्या वाटेची स्थाने मात्र परंपरेने झाकत नाहीत. तुमच्याकडे ही रीत बंद पडली असेल तर ती परत सुरू करायला फादरांना विनंती करा. शेवटचे दोन आठवडे सोनेरी वेदी जांभळ्या पडद्याआड गेली की चॅपलमध्ये न झाकलेली चित्रे उरतात ती फक्त तुमची. वेदीशी झुंज देण्याऐवजी तिच्या मौनाच्या काळात बोलायचे.

ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नाही. ऑस्ट्रियात गुर्कच्या कॅथेड्रलमध्ये 1458 चा उपवासपट आहे. वेदीसमोर टांगायच्या त्या भव्य कापडावर बायबलमधली 99 दृश्ये रंगवलेली आहेत. आजचे कलाकारही तिथे असे पट करतात. 2020 मध्ये व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये एर्विन वुर्म यांनी सतराव्या शतकातल्या मुख्य वेदीसमोर एक अवाढव्य जांभळा स्वेटर टांगला होता. जर्मनीतल्या मिझेरिओर या संस्थेच्या उपवासपटांसाठी आपले भारतीय चित्रकार ज्योती साही यांनीही चित्रे केली आहेत. आणि गोव्याला पडद्याची सवय कोणी लावायला नको. सांतोस पासोसच्या देखाव्यांत पडदा सरकतो आणि येशूच्या दुःखसहनाचे दृश्य लोकांसमोर उघडते, हे तुमच्या ज्येष्ठांनी लहानपणापासून पाहिलेले असेल. झाकणे आणि उघडणे हे त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

आता भिंत. खिळा, स्क्रू, रावळप्लग काहीही नाही. जुन्या खिळ्यांवरही भरवसा नको. चिऱ्याच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा वरून धडधाकट दिसतो आणि बोटाने टकटक केली की आतून पोकळ वाजतो. अशा जागी ड्रिल लावले की हातभर पापुद्रा खाली येतो. त्याखाली जुने रंगकाम असू शकते. गोव्यातल्या चर्चच्या भिंतींवर चुन्याच्या अनेक हातांखाली भित्तिचित्रे दडलेली असतात, सांता मोनिकाच्या मठातली भित्तिचित्रे तर प्रसिद्धच आहेत. म्हणून चित्रे जमिनीवर उभ्या केलेल्या स्टँडवरच लावायची. सुताराकडून सागवानाचा किंवा फणसाचा साधा चौकट-स्टँड करून घ्या, खालचा पाया पुढे-मागे किमान दोन फूट, पायावर वाळूच्या पिशव्या आणि त्यांवर लाकडी झाकण. मुले धावतात, म्हातारी माणसे आधाराला हात टेकतात, म्हणून स्टँड हलवून, ढकलून, टेकून पाहिल्याशिवाय त्यावर चित्र चढवू नका. पायांखाली जाड नमदा हवा. जमिनीत जुन्या कबरींचे कोरीव दगड असतील तर त्यांवर स्टँड ठेवूच नये, आणि ठेवताना-हलवताना काहीही ओढायचे नाही, दोघांनी उचलायचे.

स्टँड भिंतीला टेकवू नका. चार बोटांचे अंतर ठेवा म्हणजे मागून वारा खेळेल. चुन्याच्या भिंती ओल धरतात आणि सोडतात, भिंतीला चिकटलेल्या कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल हा गोव्यात त्यातल्या त्यात कोरडा काळ, त्यामुळे हंगाम तुमच्या बाजूने आहे. हेच तुम्ही जुलैतल्या फेस्तासाठी, म्हणजे चर्चच्या सणासाठी, विचारले असते तर मी नको म्हटले असते.

उंचीचा हिशेब गॅलरीपेक्षा वेगळा आहे. गॅलरीत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर ठेवतात, कारण तिथे सगळे उभे असतात. इथे माणूस गुडघ्यावर येतो तेव्हा त्याचा डोळा 110 सेंटिमीटरच्या आसपास असतो. मी अशा ठिकाणी चित्राचा मध्य 130 च्या जवळपास ठेवते. उभ्या माणसाला ते किंचित खाली वाटते आणि तो नकळत मान झुकवतो. क्रुसाच्या वाटेला ते शोभते. शिवाय वरचा जुना क्रूस आणि खालचे चित्र यांच्यामध्ये श्वास घ्यायला जागा राहते. क्रूस चित्राच्या चौकटीमागे लपता कामा नये.

जागेचे गणितही घालून पाहू. चॅपल चाळीस फूट लांब आहे आणि त्यातली सुमारे दहा फूट वेदीची, असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला तीस फूट भिंत. तीन फुटांची सात चित्रे म्हणजे एकवीस फूट, शिवाय खिडक्यांचे कोनाडे आणि बाजूचा दरवाजा. दाटी होईल. पहिले आणि चौदावे चित्र आत न ठेवता दर्शनी ओसरीत ठेवा, दाराच्या दोन बाजूंना. न्यायनिवाडा बाहेर, लोकांच्या समोर होतो आणि कबरही नगराबाहेर असते, त्यामुळे अर्थ बिघडत नाही. आत प्रत्येक बाजूला सहा राहतात. एका भिंतीने वेदीकडे जायचे, दुसरीने परत यायचे. फोटोत पहिला क्रूस दाराजवळच दिसतो, तेव्हा तुमची जुनी वाट बहुधा अशीच जाते. ओसरीतल्या चित्रांवर थेट ऊन पडते का ते सकाळी आणि दुपारी चार वाजता जाऊन पाहा, आणि रात्री ती आत घ्या.

प्रकाशाबद्दल बोलताना मला रोमच्या एका चॅपलचे उदाहरण द्यावेसे वाटते, कारण चित्र आणि जागा यांचे नाते तिथे फार स्वच्छ दिसते. सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चमधल्या कोंतारेल्ली चॅपलमध्ये काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराने संत मत्तयची चित्रे केली. तिथल्या वेदीच्या वर एक खरी खिडकी आहे. मत्तयला बोलावतानाच्या चित्रात उजेड उजवीकडून, म्हणजे खऱ्या खिडकीच्या दिशेने येतो, आणि समोरच्या भिंतीवरच्या हौतात्म्याच्या चित्रात तो डावीकडून येतो. चित्रातला उजेड आणि चॅपलचा उजेड एकाच बाजूचा. दोन्ही चित्रे 1600 च्या सुमाराची, म्हणजे तेव्हाची अगदी ताजी, समकालीन चित्रे. त्याच चॅपलसाठी 1602 मध्ये केलेले संत मत्तय आणि देवदूत यांचे पहिले चित्र नाकारले गेले आणि त्याला दुसरे काढून द्यावे लागले. पहिले पुढे बर्लिनला गेले आणि 1945 मध्ये नष्ट झाले. 'जुन्या पवित्र जागेत नवे चित्र' हा वाद बरोकच्या जन्मापासून बरोकसोबत आहे. तुमच्या ज्येष्ठांची शंका त्याच जुन्या घराण्यातली आहे, तिला आदराने उत्तर द्या.

तर प्रकाश. तुमच्या चित्रकाराला म्हणावे, चॅपलमध्ये अर्धा दिवस बसून उजेड कुठून कुठे सरकतो ते बघ. काही चित्रांत उजेडाची दिशा उलटी असेल तर दिव्याने ती सावरता येते. शिंपल्यांच्या खिडक्यांतून येणारा उजेड दुधाळ आणि पसरलेला असतो, त्यात चमक मारत नाही. हा मोठा आशीर्वाद आहे, त्या खिडक्या सताड उघडून तो घालवू नका. दुपारच्या मांडणीला वेगळा दिवा लागतही नाही. प्रश्न संध्याकाळचा, कारण क्रुसाची वाट बहुतेक तेव्हाच असते. तेव्हा 2700 ते 3000 केल्विनचे उबदार एलईडी घ्या, रंग खरे दाखवण्याचा सीआरआय 90 च्या वर असलेले. पांढराशुभ्र थंड दिवा लावला की सोन्याचा वर्ख निस्तेज पडतो आणि मूर्तींचे चेहरे आजारी दिसतात. दिवा स्टँडच्याच वरच्या पट्टीवर लहान दांड्यावर बसवा, वरून खाली सुमारे तीस अंशांच्या कोनात. चित्रावर 150 लक्सच्या आसपास उजेड पुरे. चॅपल अंधारे आहे, डोळा सरावतो, तेव्हा चढाओढ करू नका. ॲक्रिलिकवर चकाकणारे वार्निश असेल तर चमक मारेल, गुडघ्यावर बसून तपासा. सहाव्या स्थानावर वेरोनिकाने येशूचे तोंड पुसलेल्या कापडावर उमटलेला त्याचा चेहरा आहे. चित्रातच चित्र असलेले ते एकमेव स्थान, त्याला थोडा जास्त वेळ द्या.

वायर वेदीमागून न्यायची नाही. जुन्या चॅपलमधली वायरिंग कशी असते ते सांगायला नको, आणि वाळलेल्या लाकडाची सोनेरी वेदी पेट घेते तेव्हा हाती काही राहत नाही. रिचार्ज होणारे बॅटरीचे एलईडी घेतले तर हा प्रश्नच मिटतो. मेणबत्त्या चित्रांपासून लांब, हाताच्या अंतराच्या दुप्पट तरी. भक्त चित्रासमोर मेणबत्ती लावायला येतीलच, आणि ते चांगले लक्षण आहे. त्यांना अडवू नका, दारापाशी वाळूचे एक तसराळे ठेवून तिथे लावायला सांगा. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग उष्णतेत मऊ होतो, काजळी आणि धूळ त्यावर नुसती बसत नाही, रुतते, आणि मग पुसून निघत नाही. याच कारणाने वसईहून आणताना चित्रांना फुगेवाले प्लास्टिक थेट गुंडाळू नका. एप्रिलच्या गरमीत टेम्पोच्या पाठीमागे दोन तास गेले तरी गोल-गोल ठसे रंगावर कायमचे उठतात. आधी सिलिकॉनचा बटर पेपर, मग बाकी वेष्टण, आणि चित्रे उभी, समोरासमोर तोंड करून, मध्ये फोमचे कोपरे. छतात वटवाघळे असतील तर आधी आठवडाभर जमीन कुठे घाण होते ते पाहून स्टँडच्या जागा ठरवा. त्यांची विष्ठा रंग खाते.

परवानग्यांचे थोडक्यात. चॅपल केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असेल तर 1958 चा कायदा लागू होतो, राज्याच्या यादीत असेल तर गोव्याचा 1978 चा. रूढ धर्मविधीला सवलत असते, पण स्टँड, दिवे, उद्घाटन वगैरे आले की लेखी परवानगी घेतलेली बरी. संरक्षित नसले तरी फाब्रिकेचा, म्हणजे चर्चची मालमत्ता सांभाळणाऱ्या मंडळाचा, ठराव करून घ्या. चर्चच्या कायद्यात, कॅनन 1210 प्रमाणे, पवित्र जागेत भक्तीला पोषक असेल तेच करता येते आणि वेगळ्या वापराला धर्मप्रांताच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. ट्रेंटच्या धर्मसभेने तर 1563 मध्येच ठरवून दिले होते की चर्चमध्ये अनोखे चित्र बिशपच्या संमतीशिवाय लावू नये. म्हणून सगळ्या 14 चित्रांचे फोटो आणि वर सांगितलेले सात शुक्रवारांचे वेळापत्रक फादरांच्या पत्रासोबत आर्चबिशप हाउसला पाठवा. 'प्रदर्शन' म्हणून अर्ज गेला की शंभर शंका निघतात. 'क्रुसाची वाट, नव्या चित्रांसह' म्हणून गेला तर तो जे आहे तेच सांगतो. चित्रांचा विमा उतरवणार असाल तर वसईतल्या खिळ्यावरून उतरल्यापासून परत तिथे टांगेपर्यंतचा घ्या, नुसता चॅपलमधला नको. बहुतेक नुकसान वाटेत होते.

आता लोक. आंजेलो दा फोन्सेकाची गोष्ट तुमच्या चित्रकाराला ठाऊक नसेल तर सांगा. 1902 मध्ये सांत इस्तेवला जन्मलेला हा गोंयकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकला. परत येऊन त्याने मरियेला साडी नेसवली, येशूला इथल्या मातीत आणले. गोव्यात ते पचले नाही. तो पुण्याला गेला, ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढत राहिला आणि 1967 मध्ये तिथेच वारला. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये जपलेला आहे आणि गोवेकर अभिमानाने तो पाहायला जातात. ही हकिगत ज्येष्ठांना टोमणा म्हणून ऐकवू नका. चित्रकाराला धीर म्हणून सांगा, आणि ज्येष्ठांना विचारा की त्यांच्या आजोबांच्या काळात काय म्हणत असत. अनेकांना आठवते.

ज्येष्ठांना चित्रे चॅपलमध्ये लागल्यावर पहिल्यांदा दिसू नयेत. कोंफ्रारीची (चर्चमधल्या भक्तमंडळाची) माणसे आणि क्रुसाची वाट चालवणाऱ्या बायकांना आधी एखाद्या घराच्या बलकांवात (दर्शनी ओट्यावर) बोलवा, दोन-तीन चित्रे ठेवा आणि चित्रकाराला बोलू द्या. त्याने कलेचा इतिहास सांगू नये. चौथ्या स्थानावरची आई त्याने कोणाला पाहून काढली, खांद्यावरचा क्रूस होडीच्या लाकडासारखा का आहे, हे सांगावे. कोणी म्हणाले की या चेहऱ्यापुढे मला प्रार्थना होत नाही, तर वाद घालू नका, कोणत्या चित्रापुढे होत नाही ते विचारा. बहुतेक वेळा हरकत एक-दोन चित्रांना असते, सगळ्यांना नाही. बहुधा दहावे, वस्त्रे काढून घेण्याचे. त्या चित्राचे काय करायचे ते चित्रकार आणि फादर मिळून ठरवू देत. रंग बदलायला लावणे मात्र मला मान्य नाही. ते चित्र मागे ठेवून जुनी छापील प्रत तिथे राहू द्यावी, ते जास्त प्रामाणिक.

चित्राशेजारी मोठे फलक नकोत. स्थानाचा क्रमांक, नाव आणि शुभवर्तमानातली एक ओळ, कोकणीत आणि मराठीत, हाताच्या तळव्याएवढ्या कार्डावर. चित्रकाराचे नाव ओसरीत एकदाच. त्याहून जास्त काही हवे असेल तर ते कानांना द्या: 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या ख्रिस्तपुराणातल्या दुःखसहनाच्या ओव्या एखाद्या शुक्रवारी म्हणून पाहा. फादर स्टीफन्सने त्या याच भूमीसाठी मराठीत रचल्या, आणि वसईच्या पोराच्या चित्रांना त्यांच्याइतकी जवळची सोबत दुसरी मिळणार नाही.

किमतीची चिठ्ठी चॅपलच्या आवारात कुठेही नको, कॅटलॉगची विक्रीही नको. चित्रे विकायची असतील तर पास्कानंतर पणजीत किंवा मुंबईत रीतसर प्रदर्शन भरवा. उद्घाटन, फीत, पाहुण्यांची भाषणे हेही टाळा. पहिल्या शुक्रवारी फादरांनी चित्रांवर आशीर्वाद म्हणावा आणि वाट चालू व्हावी. वार्ताहर आले तर प्रार्थनेनंतर बोलावे, आणि चालताना कोणी मोबाइलचा फ्लॅश मारणार नाही हे एखाद्या तरुणाने दारात उभे राहून बघावे.

उतरवण्याची वेळ आधीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा: पवित्र शनिवारची सकाळ. रात्री पास्काचे जागरण आहे, वेदीवरचे जांभळे कापड निघणार, फुले येणार, तेव्हा स्टँड मध्ये नकोत. उतरवताना प्रत्येक चित्राचा पुढून-मागून फोटो काढा आणि आणल्या दिवशीच्या फोटोशी जुळवून पाहा. भिंतीचे आणि जमिनीचेही तसेच फोटो घ्या आणि एक प्रत फाब्रिकेच्या दप्तरात द्या. जुनी छापील चित्रे त्याच दिवशी आपल्या जागी परत जायला हवीत.

शेवटी एक गोष्ट जवळजवळ नक्की होईल: कोणीतरी म्हणेल की चौथे किंवा तेरावे चित्र इथेच राहू दे. बहुधा आधी नको म्हणणाऱ्यांपैकीच कोणीतरी. त्या दिवशी हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. चर्चमध्ये प्रतिमा बेताच्या संख्येने आणि योग्य क्रमाने असाव्यात असा कॅनन 1188 चा दंडक आहे, आणि लहान चॅपलमध्ये तो अक्षरशः पाळावा लागतो. फाब्रिकेने लेखी मागणी करावी, चित्रकाराने दानपत्र द्यावे, आर्चबिशप हाउसची संमती यावी. तोवर ते चित्र साक्रिस्तीत, भिंतीपासून दूर, सुती कापडाखाली राहू दे आणि त्याला एक पूर्ण पावसाळा तिथे काढू दे. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी पाठ तपासा: बुरशी, वाळवी, कॅनव्हास सैल पडणे. ऑक्टोबरात ते धड राहिले आणि मागणीही कायम असली, तर ते कुठे लावायचे हे ठरवायला मला बोलवा.